स्वतःला क्षमा देता न येणारे हात

कॅथलिक धर्मगुरूच्या हाती दीक्षेच्या दिवसापासून पुष्कळ काही येतं. तो मिस्सा, म्हणजे भाकर आणि द्राक्षारस अर्पण करण्याची उपासना, चालवतो, पापनिवेदन ऐकून क्षमेचे शब्द उच्चारतो, अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या कपाळाला तेल लावतो. एक गोष्ट मात्र त्याला मरेपर्यंत करता येत नाही. स्वतःच्या पापांची क्षमा तो स्वतःला देऊ शकत नाही. त्यासाठी त्याला उठून दुसऱ्या धर्मगुरूकडे जावं लागतं आणि इतर कुणीही टेकतो तसे गुडघे टेकावे लागतात. पोपही याला अपवाद नाहीत. 28 मार्च 2014 रोजी पोप फ्रान्सिस सेंट पीटर्स बॅसिलिकात प्रायश्चित्ताचा विधी चालवत होते. आता ते लोकांची पापनिवेदनं ऐकायला बसतील, अशी सगळ्यांची अपेक्षा होती. सोबतच्या अधिकाऱ्याने त्यांना त्यांची जागाही दाखवली. ते मात्र वळले, दुसऱ्या एका धर्मगुरूसमोर जाऊन गुडघ्यांवर बसले आणि आधी स्वतःचं पापनिवेदन केलं.

नम्रता म्हणजे मृदू बोलणं, खाली मान घालून चालणं, साधे कपडे घालणं, अशी आपली एक ढोबळ समजूत असते. धर्मगुरूच्या बाबतीत ती फार तोकडी पडते. मवाळ स्वभावाचा धर्मगुरू आतून अतिशय ताठ असू शकतो आणि फटकळ धर्मगुरू खरोखर नम्र असू शकतो. माझ्या मते या सेवेतली नम्रता ओळखण्याची खूण एकच आहे: जे तो दुसऱ्यांना देतो, तेच दुसऱ्याच्या हातून घ्यायला तो किती वेळा आणि किती मनापासून तयार असतो. ख्रिस्तसभेच्या, म्हणजे चर्चच्या, विधींकडे नीट पाहिलं, तर त्याला पुन्हा पुन्हा घेणाऱ्याच्या जागी नेऊन बसवण्याची सोय त्यांत जागोजागी केलेली दिसते.

सुरुवात दीक्षाविधीपासूनच होते. उमेदवाराला पुढे बोलावलं जातं आणि बिशप, म्हणजे धर्मप्रांताचे प्रमुख, विचारतात, हा योग्य आहे हे तुम्हाला ठाऊक आहे का? उत्तर उमेदवाराने द्यायचं नसतं. ते दुसरा धर्मगुरू देतो: ख्रिस्ती लोकांकडे चौकशी केली, ज्यांच्यावर त्याच्या शिक्षणाची जबाबदारी होती त्यांची शिफारस घेतली, आणि तो योग्य आढळला. आपल्या योग्यतेविषयी बोलण्याची जागाच त्याला त्या विधीत दिलेली नाही. पुढे संतांच्या नावांची माळ सुरू होते आणि तो वेदीपुढे जमिनीवर पालथा पडतो, कपाळ फरशीला टेकवून. वर मंडळी एकेका संताला हाक मारून त्याच्यासाठी विनंती करत असतात आणि तो खाली निमूट पडून असतो. मग बिशप त्याच्या डोक्यावर हात ठेवतात, एक शब्दही न बोलता. त्यांच्यामागून उपस्थित धर्मगुरू एकेक करून येतात, हात ठेवतात आणि पुढे सरकतात. देवळातला तो सगळ्यात शांत वेळ असतो. तळहातांना पवित्र तेल लावून झालं, की बिशप लोकांकडून आलेली भाकरीची थाळी आणि द्राक्षारसाचा प्याला त्याच्या हाती देतात. त्या वेळच्या शब्दांचा आशय असा: देवाला अर्पण करण्यासाठी पवित्र प्रजेचं हे दान स्वीकार, जे करशील ते समजून घे, ज्याचा विधी करशील त्याचं अनुकरण कर, आणि आपलं जीवन प्रभूच्या क्रुसाच्या रहस्याशी जुळवून घे. म्हणजे त्याच्या हाती पहिल्यांदा जे येतं, तेच मुळी लोकांचं असतं.

मिस्सेत हे सगळं रोज, लहान प्रमाणात, पुन्हा घडतं. आरंभी धर्मगुरू इतरांबरोबर म्हणतो, सर्वसमर्थ परमेश्वराजवळ आणि बंधुभगिनींनो, तुमच्याजवळ मी कबूल करतो. यातल्या ‘तुमच्याजवळ’ या शब्दाकडे आपलं लक्ष जात नाही, पण समोर बसलेल्या लोकांना तो आपल्या अपराधांचे साक्षीदार करतो आहे. द्राक्षारसात पाण्याचा थेंब घालताना तो हळूच म्हणतो, की जो आमच्या मानवतेचा भागीदार होण्याइतका नम्र झाला, त्याच्या देवत्वात आम्हालाही वाटा मिळो. पाणी अगदी थोडं, थेंब-दोन थेंब, आणि एकदा पडलं की वेगळं काढता येत नाही. मग तो वेदीच्या बाजूला जाऊन बोटांवर पाणी घेतो. बोटं स्वच्छच असतात. ओठांतल्या ओठांत तो बायबलमधल्या एक्कावन्नाव्या स्तोत्रातली ओळ म्हणतो: प्रभो, माझा दोष धुऊन टाक, माझ्या पापापासून मला शुद्ध कर. आणि ख्रिस्तप्रसाद, म्हणजे अर्पण केलेली भाकर, घेण्याआधी, सगळ्या लोकांबरोबर, त्याच एका वाक्यात: प्रभो, तू माझ्याकडे यावंस अशी माझी योग्यता नाही. हे शब्द मूळचे एका रोमन शताधिपतीचे, म्हणजे परक्या सैन्यातल्या एका अधिकाऱ्याचे. धर्मगुरूसाठी म्हणून त्यापेक्षा चांगलं वेगळं वाक्य कुणाला सुचलेलं नाही, आणि ते बरंच झालं.

चूक कुठे होते, तर या हलक्या आवाजातल्या प्रार्थनांमध्ये. त्या कुणाला ऐकू जात नाहीत, म्हणून घाईत पहिल्यांदा त्याच गळतात. हात धुणं उरकलं जातं आणि ओळ म्हणायची राहून जाते. रोज एकदा, रविवारी दोनदा-तीनदा मिस्सा करणाऱ्याच्या बाबतीत ही गळती वर्षानुवर्षं साचत जाते. उरतात ते मोठ्याने म्हणायचे भाग, म्हणजे लोकांना उद्देशून केलेलं बोलणं. घेण्याच्या जागा झिजत जातात, देण्याच्या तेवढ्या शिल्लक राहतात.

दुसरी चूक सर्वनामाची. मराठीत ‘आम्ही’ म्हटलं की ऐकणारा बाहेर राहतो, ‘आपण’ म्हटलं की तो आत येतो. ही सोय सगळ्याच भाषांना नसते. तरीही मिस्सेच्या आरंभी कितीदा ऐकू येतं: तुम्ही सर्वांनी आपापली पापं आठवावीत. प्रवचनात तर ‘तुम्ही’चा पाऊस पडतो. तुम्ही प्रार्थना करत नाही, तुम्ही मुलांना वेळ देत नाही, तुम्ही उशिरा येता. त्याच प्रवचनाच्या मसुद्यात प्रत्येक ‘तुम्ही’च्या जागी ‘आपण’ घालून पाहावं. काही वाक्यं आपोआप गळून पडतील, कारण ती स्वतःला लावून म्हणायला जीभ रेटत नाही. जी टिकतील, ती म्हणावीत. लांबीचा प्रश्नही त्यातून बराच सुटतो. पोप फ्रान्सिस यांनी जून 2024 मध्ये प्रवचन आठ मिनिटांपलीकडे जाऊ नये, असं सांगितलं होतं, लोकांना डुलकी लागते, या अगदी साध्या कारणासाठी. सावकाश बोलणाऱ्याने आठ मिनिटांसाठी सातशे-आठशे शब्द धरले तर पुरतात.

‘आपण’ हा शब्द किती महाग पडू शकतो, हे फादर डेमियन यांच्याकडे पाहून कळतं. बेल्जियमचे हे धर्मगुरू 1873 च्या मे महिन्यात हवाईतल्या मोलोकाई बेटावर कुष्ठरोग्यांच्या वसाहतीत राहायला गेले. त्याच वर्षी त्यांनी आपल्या भावाला पत्रात कळवलं, की प्रवचनात मी ‘बंधूंनो’ असं म्हणत नाही, ‘आपण कुष्ठरोगी’ असं म्हणतो. तेव्हा त्यांच्या अंगावर रोगाची खूण नव्हती. ती दहा वर्षांहून अधिक काळानंतर दिसली, आणि 1889 मध्ये तिथेच त्यांचा अंत झाला. जखमा बांधणं, घरं उभारणं, शवपेट्या ठोकणं, खड्डे खणणं ही त्यांची रोजची कामं होती. पण माझ्या मनात घर करून राहिलेला प्रसंग निराळा आहे. त्यांचे वरिष्ठ एकदा जहाजाने आले, तर त्यांना बेटावर उतरू देईनात आणि डेमियन यांना जहाजावर चढू देईनात. डेमियन लहान होडीतून जहाजाजवळ गेले आणि खालूनच, जहाजावरच्या लोकांना ऐकू जाईल अशा आवाजात, फ्रेंचमधून त्यांनी आपलं पापनिवेदन केलं. वरून वरिष्ठांनी क्षमेचे शब्द उच्चारले. वसाहतीतल्या शेकडो माणसांना क्षमा देणारा हा माणूस स्वतःला मिळायला हवी म्हणून होडीत उभा राहून ओरडून पापं सांगत होता.

बायबलमधल्या इब्री लोकांस पत्राच्या पाचव्या अध्यायात याचं कारण दिलं आहे. प्रमुख याजक माणसांतूनच घेतलेला असतो. तो स्वतः दुर्बलतेने वेढलेला असतो, म्हणून अज्ञानी आणि वाट चुकलेल्यांशी सौम्यपणे वागू शकतो, आणि लोकांप्रमाणेच स्वतःच्या पापांसाठीही त्याला अर्पण करावं लागतं. ‘सौम्यपणे’ असं आपण ज्याचं भाषांतर करतो, त्या मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ भावना माफक ठेवणं असा आहे. राग अनावर होऊ द्यायचा नाही आणि मन दगडही होऊ द्यायचं नाही. दुर्बलता ही याजकाच्या कामातली अडचण आहे, असं आपण धरून चालतो. हे पत्र तिला कामाची पात्रता मानतं.

मग धर्मगुरूच पतित निघाला तर? हा प्रश्न चौथ्या शतकात उत्तर आफ्रिकेत फार तापला होता. 303 मध्ये सम्राट डायोक्लेशियनच्या काळात छळ सुरू झाला, तेव्हा काहींनी जीव वाचवायला पवित्र ग्रंथ अधिकाऱ्यांच्या हवाली केले. अशांनी दिलेले संस्कार खरे नाहीत, असा आग्रह धरून डोनाटिस्ट गट वेगळा झाला आणि शंभर वर्षांवर हा वाद चालला. हिप्पोचे बिशप ऑगस्टीन यांनी त्यांना दिलेलं उत्तर शेतकऱ्याला चटकन समजेल असं आहे. दगडी पाटातून पाणी वाहतं आणि वाफ्यांत पोचतं. वाफे भिजतात, पिकतात. दगडी पाटात मात्र काहीच उगवत नाही. संस्कार देणारा हात कसाही असो, देणारा ख्रिस्त आहे, म्हणून घेणाऱ्याचं नुकसान होत नाही. ही शिकवण भाविकांना दिलासा म्हणून आली. धर्मगुरूने ती स्वतःला सूट म्हणून वाचली, की तिचा उलटा अर्थ होतो. त्याच्यासाठी त्या दृष्टान्तातला भाग शेवटचा आहे: आयुष्यभर पाणी वाहून नेलं आणि आपण कोरडेच राहिलो. याच ऑगस्टीन यांनी आपल्या दीक्षेच्या वर्षदिनी लोकांना सांगितलं होतं, तुमच्यासाठी मी बिशप आहे, तुमच्याबरोबर मी ख्रिस्ती आहे. पहिल्याची मला धास्ती वाटते, दुसऱ्याने धीर येतो. जगभरच्या बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1964 मध्ये ख्रिस्तसभेविषयीच्या आपल्या दस्तऐवजात हे उद्गार घेतले.

सगळ्यात नाजूक जागा पापनिवेदनाची. 1215 च्या चौथ्या लॅटरन परिषदेने वर्षातून किमान एकदा पापनिवेदन करण्याचा नियम घातला, तेव्हाच ऐकणाऱ्यालाही सांगून ठेवलं, की त्याने जाणत्या वैद्यासारखं जखमेवर द्राक्षारस आणि तेल ओतावं. गुपित फोडणाऱ्याला पदावरून काढून आयुष्यभर प्रायश्चित्तासाठी कडक मठात धाडायचं, ही शिक्षाही तिथेच ठरली. 1983 ची धर्मविधी-संहिता, म्हणजे ख्रिस्तसभेच्या कायद्याचं पुस्तक, आणखी बारीक आहे. प्रश्न विचारायचे तर जपून, समोरच्याचं वय आणि परिस्थिती पाहून. कुणाच्या पापात भागीदार कोण होतं, याची नावं विचारायची नाहीत. आणि ऐकलेल्या गोष्टीचा वापर त्या व्यक्तीला जाच होईल अशा रीतीने करायचा नाही, मग गुपित फुटण्याचा धोका मुळीच नसला तरी. व्यवहारात याचा अर्थ असा, की काल ज्याने चोरी कबूल केली, त्याच्याकडची दानपेटीची किल्ली आज काढून घेता येत नाही. चेहऱ्यावरही काही दिसू द्यायचं नाही.

इथे बिघडतं ते बहुधा शब्दांच्या आधीच. आत बसलेल्याचा एक सुस्कारा, घड्याळाकडे गेलेली नजर, ‘पुन्हा तेच?’ असा सूर एवढं पुरतं, आणि वीस वर्षांनी धीर करून आलेला माणूस पुढची वीस वर्षं येत नाही. म्हणून शेवटपर्यंत ऐकावं, मध्ये तोडू नये. तो आला याबद्दल आधी दोन शब्द बोलावेत. प्रश्न एखादाच, आणि तोही क्षमा देण्यासाठी गरजेचा असेल तरच. उत्सुकतेपोटी आलेला प्रश्न समोरच्याला लगेच ओळखू येतो. उपदेश दोन-तीन वाक्यांचा, ऐकलेल्यातल्या एकाच गोष्टीला धरून. प्रायश्चित्त असं द्यावं की ते आजच्या आज पुरं करता येईल आणि लक्षात राहील. ‘लोकांशी चांगलं वाग’ हे प्रायश्चित्त कधी संपतच नाही आणि अपराधी वाटणं तेवढं मागे ठेवून जातं. फ्रान्समधल्या आर्स गावचे जॉन मारिया व्हियानी शेवटच्या वर्षांत दिवसाला सोळा-सोळा तास पापनिवेदन ऐकत बसायचे. लॅटिन जमेना म्हणून विद्यार्थिदशेत मागे पडलेले हे धर्मगुरू लोकांना हलकं प्रायश्चित्त देत आणि उरलेलं स्वतः करत.

आणि ज्याने स्वतः कित्येक महिने पापनिवेदन केलेलं नाही, तो ऐकताना कडक होत जातो. लाज वाटत असताना तोंड उघडणं किती जड असतं, हे त्याचं अंग विसरतं. संहितेने धर्मगुरूंना हा संस्कार वारंवार घ्यायला सांगितलं आहे, दिवस मोजून दिलेले नाहीत. दोन ते चार आठवड्यांचं अंतर ठेवलं तर ही आठवण ताजी राहते, असं मला वाटतं. पापनिवेदन ऐकणारा ठरलेला असावा. तो आपला साहेब नसावा आणि आपली वाहवा करणारा मित्रही नसावा.

आजाऱ्याकडे जाणं हे त्यापेक्षा सोपं काम, पण तिथेही उभं राहायचं की बसायचं, यातच निम्मं ठरून जातं. अंथरुणाशेजारी उभा असलेला धर्मगुरू निघायच्या तयारीत दिसतो. खुर्ची ओढून, डोळे आजाऱ्याच्या डोळ्यांच्या उंचीला येतील असं बसावं. फोन बंद. दहा-पंधरा मिनिटं पुरतात, त्यातली बरीचशी गप्प बसण्यात गेली तरी चालतं. प्रार्थना करू का, हे विचारावं. ‘नको’ म्हणण्याचा त्याला हक्क आहे. ‘देवाची इच्छा’ हे शब्द पाहुण्याच्या तोंडून येऊ नयेत. आजारी माणूस स्वतः म्हणाला, तर ऐकून घ्यावेत.

पवित्र गुरुवारी, म्हणजे ईस्टरआधीच्या गुरुवारी, येशूने शिष्यांचे पाय धुतले त्याची आठवण म्हणून होणारा पाय धुण्याचा विधी सगळ्यांना दिसतो, म्हणून तो देखावा होण्याची भीतीही जास्त. बारा पुरुष अशी जुनी प्रथा. 2016 च्या जानेवारीतल्या आदेशाने स्त्रियांनाही त्यात वाट मोकळी झाली. त्याआधी 2013 मध्येच पोप फ्रान्सिस यांनी रोममधल्या बालगुन्हेगारांच्या तुरुंगात बारा जणांचे पाय धुतले होते, त्यांत मुली होत्या आणि मुस्लिमही. बारा हा आकडा आजच्या विधिग्रंथात सक्तीचा नाही. नीट करायचं तर कोमट पाणी भरपूर हवं, प्रत्येकाला वेगळं फडकं हवं, आणि धर्मगुरूने वरचं झुलतं वस्त्र उतरवून ठेवायला हवं, नाहीतर ते पाण्यात लोळतं. गुडघे टेकवत नसतील तर बुटकं स्टूल घ्यावं. कमरेतून वाकून चार थेंब शिंपडले तर ते धुणं वाटत नाही. घरून घासूनपुसून आणलेले मान्यवरांचे पाय निवडले, की विधी मानपानाचा होतो.

पण योहानाच्या शुभवर्तमानात या प्रसंगी अडून बसतो तो येशूचा शिष्य पेत्र. त्याला पाय धुऊन घ्यायचे नसतात. धर्मगुरूची खरी अडचण बहुतेक वेळा पेत्राची असते. पाय धुणं त्याला जमतं. आजारपणात कुणाचा आधार घेणं, प्रवचन कंटाळवाणं झालं हे ऐकून घेणं, हिशेब दुसऱ्याला तपासू देणं, ‘माझं चुकलं’ एवढं म्हणून थांबणं हे जड जातं. माफी मागताना पुढे ‘पण’ आला, की माफी तिथेच संपली.

म्हणून हे सगळं एकट्याच्या मनावर सोडून चालत नाही. प्रत्येक धर्मग्रामात, म्हणजे एका देवळाच्या हद्दीतल्या भाविकांच्या समूहात, अर्थसमिती असलीच पाहिजे, असं संहिता सांगते. एका दिवसात दोन-तीन मिस्सा केल्या तरी, नाताळ सोडून, एकाच मिस्सेसाठी मिळालेलं दान धर्मगुरूला स्वतःकडे ठेवता येतं. धर्मगुरूंनी मुलांचं आणि दुबळ्यांचं केलेलं शोषण उघडकीला आलं, तेव्हा पोप फ्रान्सिस यांनी ऑगस्ट 2018 च्या पत्रात धर्मगुरूंना वेगळं, वरचं मानण्याने अशा गोष्टींना खतपाणी मिळतं असं सांगितलं, आणि 2019 मध्ये तक्रार नोंदवण्याची व्यवस्था प्रत्येक धर्मप्रांतावर बंधनकारक केली. ‘मी पापी आहे’ असं प्रवचनपीठावरून म्हणणाऱ्याला कुणी कागदावर प्रश्न विचारू शकत नसेल, तर त्या कबुलीला वजन नाही. पीडिताला ती ऐकून चीडच येईल, आणि ती रास्त आहे.

म्हातारपणी, आजारपणात धर्मगुरूच्या खोलीत दुसरा धर्मगुरू तेलाची कुपी घेऊन येतो. रोमच्या 1614 च्या जुन्या विधिग्रंथात एक बारीक सूचना आहे. इतरांच्या तळहातांना तेल लावायचं. आजारी माणूस धर्मगुरू असेल तर त्याचे हात पालथे करून मागच्या बाजूला लावायचं, कारण तळहातांना दीक्षेच्या दिवशीच तेल लागलेलं असतं. येणारा बहुधा वयाने लहान असतो. तो थरथरते हात आपल्या हातांत घेऊन वळवतो, अंगठ्याने तेल लावतो. पडलेल्याला सगळे शब्द पाठ असतात, कित्येक खोल्यांमधून त्याने ते म्हटलेले असतात. पण या वेळी ते म्हणायचे दुसऱ्याने. आजच्या विधीत तेल लावताना त्याच्या वाट्याला एकच शब्द येतो, दोनदा. आमेन.